मनगटाजवळची सावली

मालसुनने घडीच्या शिडीवर चढताना एका हाताने कॅमेरा छातीशी धरला आणि दुसऱ्या कोपराने शेजारची शिडी हळूच ढकलून पाहिली. शिडी हलली नाही. तिच्यावर मिग्योंग उभी होती. ती लगेच खाली वाकून म्हणाली,

"ताई, अडचण होतेय का? सरकू थोडी?"

"नको, नको. असू द्या."

सरकली असती तर बरं झालं असतं. पण इतक्या गोड बोलण्यावर 'हो, सरका' म्हणायचं तरी कसं? मालसुनने लेन्सचं झाकण काढून जांभळ्या जॅकेटच्या खिशात कोंबलं आणि मंचाकडे तोंड केलं. खारवलेल्या कोळंबीची जत्रा होती, वारा सुटला की सगळीकडून बरण्यांचा वास यायचा. मंचासमोर जांभळी जॅकेटं घातलेल्या बायकांच्या रांगाच रांगा बसल्या होत्या. बहुतेक सगळ्या पन्नाशी ओलांडलेल्या, आणि सगळ्यांच्या पाठीवर एकाच गायकाचं नाव शिवलेलं: प्यो दोयुन. त्यातली निम्मीअधिक नावं मालसुननेच आपल्या शिवणकामाच्या दुकानात, गुनसानला, मशीनवर शिवून दिली होती.

मंचाच्या डाव्या अंगाचा कोपरा तिचा होता. तसं कुणी लिहून दिलेलं नव्हतं, पण त्याच्या चाहत्यांच्या मंडळातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. दोयुन अजून कुणी नव्हता, बाजाराच्या मागे ट्रकच्या फळीवर उभा राहून जुनी गाणी म्हणायचा, तेव्हा ऐकायला भाजीवाल्या म्हाताऱ्या आणि एक मालसुन एवढंच काय ते माणूस. पोराच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी घेतलेला कॅमेरा तिने एकदा सहज बरोबर आणला होता. आतला आरसा 'खटाक्' करून आपटला, त्या आवाजाने दोयुनने गाता गाता मान वळवली, आणि हसला. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात दुसऱ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तो एकदा डावीकडे बघायचा. ती एक नजर पकडण्यासाठी मालसुन दुकान बंद ठेवून पुसानपर्यंत जाऊन आली होती. नवरा म्हणायचा, माझ्या तोंडाकडे तू असं कधी बघितलं होतंस? ती म्हणायची, तुम्ही कधी गाणं म्हटलंत?

दुसरं गाणं सुरू झालं. मालसुनने डोळा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावला. तिचा कॅमेरा वयाने थकला होता. भराभर फोटो घ्यायला लागलं की थोड्या वेळाने त्याला धाप लागायची, आणि तो घेतलेलं गिळेपर्यंत थांबून राहावं लागायचं. म्हणून ती जपून दाबायची. खटाक्. खटाक्. शेजारून मात्र काहीच आवाज येत नव्हता. मिग्योंग नुसतीच कॅमेरा डोळ्याला लावून उभी होती, जणू दुर्बिणीतून समुद्र बघतेय. पण तिचं बोट दाबलेलं होतं, ते मालसुनला कडेने दिसत होतं.

शेवटचं कडवं आलं. दोयुनने माइक तोंडाशी उंच धरला, मान डावीकडे वळवली, आणि बघितलं.

खटाक्.

मालसुनला दाबतानाच कळलं. नजर वीतभर चुकली होती. वीतभर उजवीकडे, शेजारच्या शिडीवर.

जेवायला सगळ्या जणी डुकराच्या हाडांचं सूप मिळतं त्या खानावळीत गेल्या. वाफाळत्या वाडग्यांच्या मध्ये दोन्ही कॅमेरे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले, आणि मुली बघायला यावं तशा बायका भोवती जमल्या. मालसुनचा काळा, जाड, पकडीजवळचं रबर सुटून आलेलं. तिथे तिने शिवणकामाची चिकटपट्टी लावली होती. मिग्योंगचा निम्म्या जाडीचा, साबणाच्या वडीएवढा वाटावा असा.

"आत आरसाच नाही म्हणे याच्यात," मंडळाच्या अध्यक्ष गी बोंगसुन म्हणाल्या. त्या गावात न्हाव्याचं दुकान चालवत आणि मंडळ त्याहून कडक चालवत. "आरसा नाही तर दिसतं कसं गं?"

"आत छोटा पडदा असतो, अध्यक्षबाई," मिग्योंग म्हणाली. "फोटो कसा येणार ते दाबायच्या आधीच दिसतं. अंधार, उजेड, सगळं. आणि डोळा आपोआप शोधतो. हे बघा, तुमच्या डोळ्यावर चौकोन आला."

"अगंबाई! खरंच की! मी हलले तरी मागेच लागलाय मेला!"

"आमच्या ह्यांनी कधी असा पाठलाग केला नाही," कुणीतरी म्हणालं आणि टेबल हसून हललं.

"मालसुनचा काय, शिवणयंत्र आहे," बोंगसुनबाई म्हणाल्या. "आज शेवटच्या रांगेत बसले होते मी, तिथून ऐकू येत होतं. खटाक खटाक. मला वाटलं, गाण्यातच ताल आहे."

मालसुनही हसली. हसावंच लागलं. "याची बॅटरी मात्र दिवसभर पुरते," ती म्हणाली. "तुमची किती वेळ पुरते?"

"तेच ना, ताई," मिग्योंग कळवळून म्हणाली. "तीन तीन बरोबर ठेवते. थंडीत तर बघायलाच नको. तुमच्यासारखा भक्कम कॅमेरा हवा खरं तर. घेऊन बघता? घ्या ना."

हीच तर पंचाईत होती. बाई तोऱ्यात असती, नाक वर करून बोलली असती, तर मालसुनने तिला मनसोक्त शिव्या घातल्या असत्या. पण मिग्योंग देजॉनहून गाडी चालवत येताना सगळ्यांसाठी अक्रोडाचे केक घेऊन यायची. कुणाचे गुडघे दुखत असतील तर त्यांना घरापर्यंत सोडायची. मंडळात येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं तिला, आणि मालसुनच्या शेजारी शिडी लावण्याआधी तिने रीतसर परवानगी मागितली होती. अशा बाईचा द्वेष करताना स्वतःचीच लाज वाटते, आणि लाज वाटली की द्वेष आणखी वाढतो.

मालसुनने कॅमेरा डोळ्याला लावला. खानावळीचा अंधारा कोपरा लख्ख दिसला. भांडी घासणाऱ्या बाईच्या डोळ्यावर चौकोन जाऊन बसला, ती वळली तरी सुटेना. मालसुनचं बोट नकळत दाबलं गेलं. काहीच वाजलं नाही, हाताला काही जाणवलंही नाही, आणि तरी तिला तो परत द्यावासा वाटेना.

"टीव्ही बघितल्यासारखं वाटतं," तिने कॅमेरा खाली ठेवत म्हटलं. "माझ्यात माणूस खराखुरा दिसतो."

"ते मात्र खरं हं," मिग्योंग म्हणाली.

तेवढ्यात बोंगसुनबाईंनी चमचा वाडग्यावर वाजवला. दोयुनच्या वाढदिवसाला दर वर्षी चॉन्जूच्या मोठ्या बस थांब्यावर मंडळातर्फे त्याचा फोटो लागायचा; दाराएवढा, आतून दिवे लावलेला. आजवर तो कायम मालसुनने काढलेला असायचा. कोपऱ्यात बारीक अक्षरात तिचं नाव, आणि त्या महिन्यात दोयुन स्वतः येऊन त्या फोटोशेजारी उभा राहायचा.

"मी आताच मिग्योंगचे फोटो बघितले," बोंगसुनबाई म्हणाल्या. "काय सांगू! पोराच्या पापण्या मोजता येतात. यंदा थांब्यावर तिचा लावू या. मालसुन, तुझी हरकत नाही ना?"

सगळ्यांनी मालसुनकडे बघितलं.

"माझी कसली हरकत? चांगला लागला म्हणजे झालं."

"पण एक आहे, ताई," मिग्योंग म्हणाली. "मला ते डाग काढणं, रंग नीट करणं काही जमत नाही. तुमच्यासारखा हात कुणाचाच नाही. तुम्ही करून द्याल? तुमच्या हाताखालून गेल्याशिवाय मला धीरच होणार नाही."

"देईलच की! मालसुन आपलीच आहे," बोंगसुनबाईंनी परस्पर सांगून टाकलं.

दोन दिवसांनी सकाळी मालसुनने दुकानातला संगणक सुरू केला. भोवती टांगलेल्या पँटी, शिलाई उसवलेले कोट. गिऱ्हाईक नव्हतं. तिने आधी स्वतःचे फोटो उघडले. संध्याकाळचा उजेड कमी, म्हणून सगळीकडे दाणे उठलेले; दोयुनचा चेहरा रव्यात काढल्यासारखा. एरवी तिला ते दाणे दिसतही नसत. आज दिसले.

मग तिने मिग्योंगने पाठवलेला फोटो उघडला.

तो तिच्याकडे बघत होता. म्हणजे मिग्योंगकडे, पण आता पडद्यासमोर मालसुन होती, आणि क्षणभर तिला ते विसरता आलं. पापण्या, बुबुळातला दिव्यांचा ठिपका, खालच्या ओठावरची भेग. इतक्या वर्षांत इतक्या जवळून तिने त्याला पाहिलं नव्हतं. मग स्वतःचा त्याच क्षणाचा फोटो तिने शेजारी लावला. तोच माइक, तोच हात, तीच मान. आणि डोळे तिच्या कानाजवळून पलीकडे गेलेले.

हे माझं होतं, ती मोठ्याने म्हणाली. टांगलेल्या पँटींशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

मग ती खोट शोधू लागली. अगदी मन लावून, कापडातली खोट शोधावी तशी. फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. कपाळावर पावडर साचली होती, पण ते चालायचं. हनुवटीवर दाढीचा एक केस राहिला होता. कॉलर स्वच्छ होती. मग ती माइक धरलेल्या हातापाशी आली. हात वर गेल्याने कोटाची बाही मागे सरकली होती, आणि मनगटावर केसांना लावायचा रबर होता. तपकिरी, मखमलीचा, त्याला पिवळ्या प्लास्टिकचं बारीकसं तुतीच्या पानासारखं पान. आणि त्या पानात अडकलेला एक लांब केस.

मालसुनचा हात माउसवरच राहिला.

दोयुन केस कातरून बारीक ठेवायचा. प्रत्येक मुलाखतीत हात जोडून सांगायचा, 'मला कुणी नाही, माझ्या या सगळ्या आयाच मला आहेत.' बायका ते ऐकून डोळे पुसायच्या. त्याच्यासाठी लोणची पाठवायच्या, त्याच्या घशासाठी नाशपातीचा काढा करायच्या. त्याच्याच वयाच्या दुसऱ्या एका गायकाची मैत्रीण उघडी पडली तेव्हा काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. महिन्याभरात त्याच्या सभागृहात खुर्च्या रिकाम्या.

तिने आपले जुने फोटो उघडले. वसंतातला मेळावा, उन्हाळ्यातली किनाऱ्यावरची जत्रा, त्याआधीची थंडी. त्याच मनगटावर, त्याच जागी, एक काळपट पुंजका. तिला आठवलं, तो तिने दर वेळी बाहीची सावली म्हणून उजळून टाकला होता. तिच्या म्हाताऱ्या कॅमेऱ्याला तो रबर आहे हे कधी दिसलंच नव्हतं. आणि जे वर्षभर ती शिडीवर उभी राहून एका नजरेसाठी जीव टाकत होती, ते सगळं वर्ष कुणाचे तरी केस त्याच्या मनगटावर होते.

आता हेवा नक्की कुणाचा करायचा, हे तिला कळेना. मिग्योंगचा होताच, तो काही कमी झाला नाही. त्यात ही दुसरी येऊन बसली, जिचं तोंडही माहीत नव्हतं.

फोन वाजला. मिग्योंगचाच होता.

"ताई, घाई नाही हं, सहज केला. झाला का?"

"बघतेय अजून. तुम्ही मोठा करून बघितलात का?"

"छे! मला चष्मा लावला की डोकं दुखतं, आणि काढला की दिसत नाही. चेहरा छान आला एवढं बघितलं आणि पाठवून दिला. का हो? काही बिघडलंय?"

मालसुनने नुसतं 'काही नाही, छान आहे' म्हटलं की पुरे होतं. फोटो तसाच पुढे पाठवला की झालं. दाराएवढ्या काचेवर, आतून दिवे लागल्यावर, चॉन्जूतल्या प्रत्येक बाईला ते पिवळं पान दिसलं असतं. आणि खाली कोपऱ्यात नाव मिग्योंगचं. त्याला उघडं पाडलं म्हणून मंडळाने तिचं जॅकेट काढून घेतलं असतं. डाव्या कोपऱ्यात पुन्हा एकच शिडी राहिली असती.

"ताई? ऐकू येतंय ना?"

"येतंय. थोडी पावडर दिसतेय कपाळावर. काढते."

"तुम्ही आहात म्हणून, ताई. खरंच."

मालसुनने फोन ठेवला, आणि दुपार होईपर्यंत तेच करत बसली. रफू करताना करतात तसंच होतं ते. आजूबाजूच्या कातडीचा एकेक कण उचलून आणायचा आणि भोकावर बसवायचा. रंग जुळला पाहिजे, उभा-आडवा धागा जुळला पाहिजे. आधी केस गेला, मग पान, मग तपकिरी मखमल. शेवटी मनगट इतकं स्वच्छ झालं, की तिथे कधी काही होतं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कोपऱ्यात तिने मिग्योंगचं नाव घातलं आणि फोटो पाठवून दिला.

मूळ फोटो मात्र तिने पुसला नाही.

पुढच्या आठवड्यात दोरे आणायला बाजारात गेली असताना तिला टोपल्यांच्या आणि चपलांच्या दुकानाबाहेर तो रबर दिसला. तोच तपकिरी, तेच पान. पाकिटात तीन होते. तिचे केस कानापर्यंत कापलेले, घरात मुलगी नाही. तरी तिने पाकीट घेतलं. घरी येऊन एक मनगटावर चढवला, आणि नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली, सुया टोचून ठेवायला बरा पडतो.

त्यापुढचे दिवस तिच्या डोक्यात एकच चित्र फिरत होतं. वाढदिवसाच्या मेळाव्यात सगळ्या जणी रांगेने दोयुनला भेटतात. तो हात हातात घेतो, दोन शब्द बोलतो. आपला हात त्याच्या हातात जाईल, बाही थोडी मागे सरकेल. त्याला रबर दिसेल, आणि मग त्याला कळेल. हिला ठाऊक आहे. हिनेच झाकलं. एवढ्या जांभळ्या जॅकेटांमध्ये फक्त हिला ठाऊक आहे आणि हिने कुणाला सांगितलं नाही. तो मान वर करेल आणि बघेल. मिग्योंगच्या कॅमेऱ्याला कितीही पापण्या मोजता आल्या, तरी ती नजर तिला कधी मिळायची नव्हती.

मेळाव्याच्या सकाळी सगळ्या आधी बस थांब्यावर गेल्या. फोटो झळकत होता. बायकांनी त्याच्यापुढे उभं राहून एकमेकींचे फोटो काढले.

"डाग काढायचं सगळं काम ताईंनी केलंय," मिग्योंग जो येईल त्याला सांगत होती. "त्यांच्याशिवाय जमलंच नसतं."

"तुझा कॅमेराच तसा आहे गं," बोंगसुनबाई म्हणाल्या. "त्याला काय करावं लागतंय!"

एरवी मालसुनला ते चार दिवस खुपत राहिलं असतं. आज तिने काचेवरच्या त्या कोऱ्या मनगटाकडे बघितलं आणि जॅकेटच्या बाहीत बोटं घालून रबर चाचपला.

सभागृहात रांग हळूहळू पुढे सरकत होती. मिग्योंगची भेट तिच्या आधी झाली. ती पुढच्या रांगेत बसून आता फोटो घेत होती. मालसुनचा कॅमेरा आज पिशवीतच होता. टेबलामागे दोयुन उभा, पांढरा शर्ट, गळ्यात कुणीतरी घातलेली जांभळी लोकरी पट्टी.

"आई! तुम्ही आलात!" तो म्हणाला. सगळ्यांना हेच म्हणत होता, पण तिला बघून त्याचं हसू खरंच जरा मोठं झालं. "कॅमेरा कुठंय? आज आवाज नाही आला, मला वाटलं आला नाहीत."

तिला काहीतरी बोलायचं होतं. पण बोलण्याआधीच तिचा हात पुढे गेला होता. त्याने तो दोन्ही हातांत घेतला. बाही मागे सरकली.

त्याची नजर खाली गेली आणि तिथेच थांबली.

हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. फक्त त्याचा उजवा हात तिच्या हातावरून सुटला आणि आपल्या शर्टाची डावी बाही हळूच खाली, अंगठ्यापर्यंत ओढून आला. मग त्याने मान वर केली. सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं, पापणीही न लववता. बाजारात ट्रकच्या फळीवरून बघितलं होतं, त्यानंतर इतका वेळ कधीच नाही. मागची बाई खाकरली तरी तो बघतच होता.

"आई," तो अगदी हळू म्हणाला, "तुमचं दुकान गुनसानलाच आहे ना? मी... मी एकदा येऊन जाईन. तुम्ही म्हणाल तेव्हा."

मालसुनने हात काढून घेतला. "वाढदिवसाच्या शुभेच्छा," ती म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात मिग्योंग जवळजवळ धावतच तिच्यामागे आली.

"ताई, थांबा, थांबा! आधी हे बघा!" तिने कॅमेऱ्याचा पडदा मालसुनपुढे धरला. "किती वेळ बघत होता तुमच्याकडे! माझ्या वेळी नुसतं 'या हं, सावकाश जा' म्हणाला आणि पुढची बाई. खरं सांगू? पोटात दुखलं माझ्या. म्हटलं, इतकी मेहनत करून मी फोटो घेते, आणि बघतो मात्र ताईंकडे."

पडद्यावर चौकोन त्याच्या डोळ्यांवर नेमका बसलेला होता. एकेक पापणी वेगळी दिसत होती. मालसुनला मोठं करून बघायची गरज पडली नाही. पोरगा तिला घाबरला होता.

"किती एकटक बघतोय बघा," मिग्योंग म्हणाली. "देवाकडे काही मागताना बघतात ना, तसा. पुढच्या वर्षी थांब्यावर हाच लावू या. तुमची पाठ तेवढी काढून टाकावी लागेल, पण ते तुम्हाला जमेल."

"नको."

"का हो? इतका सुंदर आलाय."

"पुसून टाक तो," मालसुन म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

मिग्योंग तिच्याकडे बघत राहिली. व्हरांड्यात हीटर चालू होता, तरी मालसुनने दोन्ही बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या होत्या.